पक्या, यूट्यूब बंद कर आधी

प्रिय पक्या,

घरी सगळे मजेत, आईचा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं.

काल रात्री आऊटर वाइल्ड्स, ती अंतराळात फिरायची व्हिडिओ गेम, खेळून संपली. नावं वर सरकून गेली तरी मी कंट्रोलर हातात धरून बसलेलो, ही विचारतेय काय झालं, तिला काय सांगणार, हे सांगायला तूच पाहिजेस. आणि तुझा मेसेज काय, तर वेळ नाही रे, कुणीतरी खेळलेली यूट्यूबवर बघून टाकतो. अरे नको! हात जोडतो. त्यासाठीच एवढं टाइप करतोय.

या गेममध्ये बंदूक नाही, लेव्हल नाही, अपग्रेडची भानगड नाही. सुरुवातीला जे यान मिळतं तेच शेवटपर्यंत. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, तू मरतोस आणि परत त्याच शेकोटीपाशी जागा होतोस (एवढं सांगितलं तर चालतं, लगेच कळतंच). सोबत उरतं ते फक्त तुला कळलेलं. म्हणजे शेवटाकडे जायचा रस्ता पहिल्यापासून उघडाच असतो, तुला माहीत नसतो इतकंच, आणि तो शोधणं हीच अख्खी गेम. ती दुसऱ्यानं खेळलेली बघितलीस की संपलं, पुसून परत कोरं होता येत नाही. मलाही आता ती पहिल्यांदा खेळता येणार नाही, याचं खरंच वाईट वाटतंय. तुझी पहिली वेळ अजून शिल्लक आहे लेका!

दोनच जागा सांगतो. जुळे ग्रह आहेत, एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर धो धो ओतली जाते. म्हणजे इकडे गुहा बुजत चालल्यात, तू आत, डोक्यावर छत आणि पायाखालची वाळू वर वर येतेय, आणि त्याच वेळी तिकडे गाडलेलं काहीतरी उघडं पडतंय. कधी पोचलास त्यावर काय दिसणार ते ठरतं. दुसरा ग्रह पोकळ, मधोमध ब्लॅक होल, कवचाचे तुकडे सुटून आत पडतात. तूही पडशील. पड, घाबरू नकोस.

हे सगळं गेम बनवणाऱ्या अ‍ॅलेक्स बीचमच्या विद्यापीठातल्या थीसिसमधून सुरू झालं आणि २०१९ ला पूर्ण गेम आली. तुझी लाडकी गेम नो मॅन्स स्काय आठव, २०१६, अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह, त्यावरून आपण आठवडाभर बोलत नव्हतो. मी अजून तेच म्हणतो, मोजके ग्रह पण प्रत्येकाला स्वतःची गोष्ट, ते भारी.

आणि तू अंतराळाच्या गेमा सोडायच्या म्हणतोस? बाब्याच्या घरी कॅसेटवर गॅलागा खेळताना आपलं विमान मुद्दाम पकडू द्यायचं आणि सोडवून घेऊन जोडीनं गोळ्या मारायच्या, हे कुणी शिकवलं? तूच. कर्बल या रॉकेट उडवायच्या गेममध्ये कक्षेतलं पुढचं यान गाठायला तू सरळ रेस द्यायचास आणि लांबच जायचास, मी ओरडायचो की उलटं इंजिन मार, वेग कमी कर, कक्षा खाली येईल आणि खालच्या कक्षेत फेरी लवकर होते. होस्टेलवर त्यावरून चहा सांडला होता. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं स्पेडेक्स मोहिमेतली दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडली ना, तेव्हा ऑफिसात त्यातली मजा कुणालाच सांगता येईना, तुलाच फोन लावला, तू मीटिंगमध्ये.

बाकी पिल्लूचे दात आले का? नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून टोलवतोय? नोकरीचं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तर वेळेचं असं. पिल्लू झोपलं की एक फेरी, बावीस मिनिटं, तेवढी निघतातच. हेडफोन लाव, अंतराळात दुर्बीण फिरवलीस की लांबच्या ग्रहावरून कुणाची बँजो, कुणाची बासरी ऐकू येते, ते टीव्हीच्या आवाजात घालवू नकोस. अडकलास तर मला रात्री कितीही वाजता फोन कर, मी फक्त काय काय बघितलंस ते विचारीन, उत्तर सांगणार नाही. आणि ते व्हिडिओ हिस्टरीतून पण काढून टाक, नाहीतर सारखे समोर येतील.

तुझाच,
सच्या