बुढीगंडकीच्या काठावरून आईला

गोरखा जिल्हा, नेपाळ
18 नोव्हेंबर 2015

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोन लागला की तू "जेवलास का" विचारतेस आणि तेवढ्यात रेंज जाते, म्हणून हे पत्र. उद्या एक सोबती काठमांडूला जातोय, त्याच्याकडे देतो. दादा, तिला मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

जेवलो. ढिंडो खाल्ला. कोदो म्हणजे आपली नाचणी, तिच्या पिठाचा आटवलेला गोळा. गॅस कुठेच नाही, सप्टेंबरच्या शेवटापासून सीमेवर ट्रक अडकलेत. मधेशी, म्हणजे इथल्या तराईतल्या लोकांच्या आंदोलनामुळे, असं आपलं सरकार म्हणतं. भारतानंच नाकेबंदी केली, असं इथले म्हणतात. चहावाली म्हातारी रोज मलाच जाब विचारते, पण साखर दोन चमचे घालते.

मागच्या वेळी तू चिडून म्हणालीस, "घरं पडलेल्या माणसांना कामाला कसले लावता रे?" तेव्हापासून ते डोक्यात आहे.

सुरुवातीला कुणाला कामाला लावलं नव्हतं. 25 एप्रिलच्या भूकंपानंतर तांदूळ, डाळ, तेल, जे पोचेल ते वाटलं. तो शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला झाला. शनिवार इथला सुट्टीचा वार, शाळा रिकाम्या होत्या. आपला किल्लारीचा पहाटे चारला, विसर्जनाच्या रात्री. बाकी सगळं तेच. मातीत रचलेल्या दगडी भिंती, आणि धान्य भिंतींखाली. किल्लारीनंतर तू पेवातली ज्वारी उपसून वाळत घातली होतीस, वास जाईना म्हणून शेवटी बैलांना घातलीस. इथे बियाणंसुद्धा तसंच गेलं.

आता सात महिने होत आले. सोतीखोलापर्यंत कशीबशी गाडी येते, पुढे पायवाट. दरडींनी ती जागोजाग खाल्ली होती. विश्व अन्न कार्यक्रमानं हमाल आणि खच्चरं लावून तांदूळ वर चढवला, आणि वाट नीट करायला गावच्याच माणसांना मजुरी दिली. आम्ही करतोय तेही असलंच काम. वाट दोन खच्चरं एकमेकांना ओलांडतील एवढी रुंद हवी. घुंगरं ऐकू आली की माणसानं डोंगराच्या अंगाला चिकटायचं, दरीच्या बाजूला उभं राहायचं नाही. हे मला नवव्या दिवशी कळलं, पोत्याचा धक्का खाऊन.

पैसे की तांदूळ, यावर आमच्यात रोज वाद. माझं म्हणणं सरळ आहे. जिथे दुकान उघडलंय तिथे पैसे द्या, दुकानदारही उभा राहील. जिथे दुकान तीन दिवसांच्या चालीवर आहे तिथे नोटा घेऊन माणूस काय करणार, तिथे तांदूळच. रोजी बाजारापेक्षा थोडी कमी ठेवतात, म्हणजे ज्याला दुसरं काम आहे तो इकडे येत नाही. कोदोची कापणी लागली तेव्हा अर्धी हजेरी गळाली. वरचे साहेब वैतागले, मला बरं वाटलं. स्वतःच्या शेतात काम आहे म्हणजे माणूस सावरतोय.

म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि अपंगांना काम न करताच मिळतं. तरी एक साठीची बाई रोज येते. डोको म्हणजे पाठीवरची निमुळती टोपली, नाम्लो म्हणजे तिचा कपाळावरून जाणारा पट्टा. तिच्या कपाळावर त्याची आडवी खाच पडलीय, दोन बोटं मावतील एवढी. "तुम्हाला घरबसल्या मिळेल" म्हटलं तर म्हणाली, वाट मी पण चालणार आहे ना. मी नाव लिहून घेतलं. तिला चढाऐवजी खडी भरायला बसवलंय.

तेव्हा तू आठवलीस. 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायचीस. सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, आणि मुकादम माप कमी धरायचा म्हणून आठवड्याचे पैसे कापले जायचे, हे तू शंभर वेळा सांगितलंयस. आता हजेरीपट माझ्या हातात आहे. टेपचं एक टोक मी धरतो, दुसरं टोक मजुरांतल्याच एका बाईनं धरायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा. वेळ जातो, पण भांडण होत नाही.

मजुरी मात्र आमचीही अकरा दिवस लांबली होती. डिझेल नाही म्हणून पैसे आणणारी गाडीच निघाली नाही. त्या अकरा दिवसांत मी रोज "भोलि" म्हणजे उद्या म्हणत होतो आणि तोंड लपवत होतो. तुझा मुकादमही असंच म्हणत असेल का?

दिवाळीला आलो नाही, राग धरू नकोस. इथे तिहारला एका घरात मला टिका लावला, फोटो दादाला पाठवलाय. बर्फाआधी वरचा टप्पा उरकायचाय, मग येतो. आप्पांचं गुडघ्याचं औषध बंद करू नका.

एक कळव. त्या मुकादमाचं नाव नको, पण तो माप कशानं घ्यायचा, काठीनं की दोरीनं? पैज लागलीय.

तुझा,
बाळू