जमा बंदूक परत आली की आधी नळीत पाहा

महोदय,

२०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागला. त्यामुळे कोकणात शेतीसंरक्षणाच्या ज्या परवान्याच्या बंदुका निवडणुकीपुरत्या पोलीस ठाण्यात जमा होत्या, त्या मालकांच्या हाती परत आल्या त्या ऐन मृगाच्या तोंडावर. अडीच-तीन महिने तेलाचे फडके न फिरलेली नळी आणि वर पावसाळी दमट हवा! घरी आल्यावर ती ज्या घाईने आणि ज्या साधनांनी घासली जाते, त्याने गंजापेक्षा जास्त नुकसान होते. म्हणून हे पत्र.

बंदूक हातात आली की घोडे चढवून चाप ओढून पाहण्याची खोड आधी सोडावी. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवावा, बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागा) डोळ्यांनी पाहावेत आणि करंगळी घालून चाचपावेत. मग नळ्या सुट्या करून मागच्या बाजूने उजेडाकडे धराव्यात. आत स्वच्छ गोल दिसायला हवा. कुंभारीण माशीला असे भोक फार आवडते. नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधून ती निघून जाते आणि बाहेरून काही कळत नाही. ‘एक बार काढला की माती उडून जाईल’ हा समज जिवावर बेततो. छर्र्यांना वाट मिळाली नाही तर नळी फुगते किंवा फाटते. माती लाकडी काठीने, मागून पुढे ढकलून काढावी. फुगलेल्या नळीचे तोंड कापून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

आता ब्रश. लोखंडी तारेचा ब्रश, भांड्यांची तारेची घासणी, काठीला गुंडाळलेला पॉलिश पेपर यांपैकी काहीही नळीत घालू नये. त्याने गंज जातो हे खरे, पण बारीक चरे पडतात, पुढच्या पावसाळ्यात ओल नेमकी त्या चऱ्यांत बसते आणि शिसेही तिथेच धरते. फॉस्फर ब्राँझचा ब्रश नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतो, म्हणून घासण्यासाठी तोच घ्यावा. नायलॉनचा ब्रश हलक्या काजळीसाठी आणि लोकरीचा बोळा फक्त तेल लावण्यासाठी. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर असते. ब्रश थोडा जोर लावून आत जायला हवा; सहज सरकला तर तो झिजला आहे किंवा लहान मापाचा आहे. चेंबर नळीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे नळीचा ब्रश तिथे सैल फिरतो आणि गंज तसाच राहतो. मग उडवलेले काडतूस अडकते, ते पेचकसाने उचकटले जाते आणि काडतूस बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर मोडतो. चेंबरसाठी मोठा ब्रश घ्यावा, नाहीतर गजाला, म्हणजे नळी साफ करायच्या सळईला, फडके जाड गुंडाळावे.

सॉल्व्हंटमध्ये (काजळी विरघळवणाऱ्या द्रवात) भिजवलेले फडके आधी फिरवून दहा मिनिटे थांबावे. मग ब्रश मागून घालून तोंडातून पूर्ण बाहेर काढावा आणि तसाच परत ओढावा. अशा दहा-बारा फेऱ्या पुरतात. अर्ध्यातून ब्रश उलटा फिरवला की केस वाकतात, ब्रश अडकतो आणि तुकड्यांचा गज असेल तर पेच सुटून ब्रश आतच राहतो. शिसे आणि प्लॅस्टिकची साय जमते ती चेंबरच्या पुढे नळी निमुळती होते तिथे आणि तोंडाजवळच्या चोकमध्ये, म्हणजे नळीच्या आवळलेल्या भागात. करड्या पट्ट्या दिसतात त्या याच. तिथे चार फेऱ्या जास्त माराव्यात. केस सुटताना थेंब डोळ्यात उडतात, म्हणून चष्मा लावावा. काजळीत शिसे असते, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. हे काम चुलीजवळ तर नकोच.

रॉकेल उडून जाते, मागे संरक्षण राहत नाही. खोबरेल थंडीत गोठते. यंत्राचे पातळ तेल किंवा बंदुकीचे तेल बोळ्याला लावून एक पातळ थर पुरे; बार काढण्याआधी तोही कोरड्या फडक्याने पुसावा.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचे वेगळे. तिच्यात मागून पाहता येत नाही. गज हलकेच तळापर्यंत सोडून तोंडाशी बोटाने खूण करावी, मग गज बाहेर काढून नळीला लावून पाहावा. तो निपलपर्यंत (मागे टोपी बसते त्या नळकांडीपर्यंत) न पोचता तीन-चार बोटे आधीच थांबत असेल तर बार भरलेला आहे. ती बंदूक खरवडू नये, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. रिकामी असल्यास निपल काढून साबणाच्या गरम पाण्याने धुवावी. काळ्या दारूची राख ओल धरते आणि ती पाण्यातच विरघळते, रॉकेलने नाही. शेवटी उकळते पाणी ओतले की नळी आपोआप सुकते. गरम असतानाच तेल लावावे.

नेमबाजीच्या पॉइंट टू टू रायफलींच्या नळीत आतून पेच, म्हणजे पिळदार खाचा, असतात. तिथे ब्रश नेहमी मागूनच घालावा, कारण तोंडाची कड गजाने घासली की नेम बिघडतो.

प्रशासनाकडे एकच मागणी आहे. बंदूक जमा असताना महिन्यातून एकदा, कर्मचाऱ्यासमोर, परवानाधारकाला तेलाचे फडके फिरवू द्यावे. दहा मिनिटांचे काम आहे. मालकांनीही जमा करण्याआधी तेल लावावे, कातडी म्यानात बंदूक देऊ नये (कातडे ओल धरते), तोंडाला कापड बांधावे आणि चापाच्या कडीला चिठ्ठी अडकवावी: ‘तोंडाला कापड आहे, नळीत तेल आहे, पुसल्याशिवाय बार काढू नये.’

— एक परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागीर, सिंधुदुर्ग