ऐकू कमी येते, हे मान्य करूया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाळिशी लागली की आपण निमूटपणे चष्मा करून घेतो, पण साठी उलटल्यावर कान मंदावले हे कबूल करणे मात्र बहुतेकांना जड जाते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकांत मी हे नेहमी पाहतो. एखादे गृहस्थ प्रश्न नीट न कळताच मान डोलावतात, चारचौघे हसले की हसतात आणि हळूहळू बैठकीला येणेच सोडतात. घरच्यांना वाटते, वयामुळे स्वभाव तुटक झाला.

वयोमानाने येणारे बहिरेपण सहसा वरच्या पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे ध्वनी आधी निसटतात, नातवंडांचे बोलणे अस्पष्ट होते, आणि आवाज कानी पडूनही शब्द लागत नाही. त्यामुळे ‘मला ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता’ ही तक्रार खोटी नसते. पण गोळी ‘सात’ला घ्यायची की ‘आठ’ला, एवढ्या घोळावर हा त्रास थांबत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालातही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, परंतु उपाय करता येण्याजोग्या घटकांत श्रवणदोषाची गणना केली आहे.

श्रवणयंत्र आणले तरी ते अनेकदा कपाटातच राहते, कारण पहिले काही दिवस भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःचाच आवाज असह्य वाटतो. मेंदूला त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, हे विक्रेत्याने आणि डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. घरच्यांनीही स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी समोर येऊन सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द अधिकच फाटतो.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. एवढ्यात चांगले डिजिटल यंत्र येत नाही, तेव्हा श्रवणयंत्रासाठी ही रक्कम शासनाने वाढवावी. ज्येष्ठ नागरिक संघांच्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासतात, तशीच श्रवणचाचणीही व्हावी, आणि तिथे पदाधिकाऱ्यांनी सर्वांच्या आधी स्वतःचे कान तपासून घ्यावेत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा