दिल्या, तुझं निम्मं खरं होतं

ट्रॉय, मिशिगन
२३ फेब्रुवारी, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दोन वर्षं झाली ना आपण नीट बोलून? तू मोजली असशीलच, तुझा हिशेब पक्का असतो, उधारीचा सोडून. व्हॉट्सअ‍ॅपवर मी अंगठे दाखवतो आणि तू गणपतीचे फोटो टाकतोस, त्याला बोलणं म्हणत नाहीत एवढं मलाही कळतं. इकडे सगळे ठीक. मेधाची मान धरली होती ती सुटली, माझी शुगर बॉर्डरवर आहे, झालं तब्येतीचं.

आता मुद्दा. मार्गताम्हाण्याचा तो दगडी गडगा आठवतो का, असं मी तुला विचारणं म्हणजे मूर्खपणा आहे, पण त्याच्याबद्दलच लिहायला बसलोय. आधी मात्र इकडचं ऐक, नाहीतर तू पत्र अर्ध्यात टाकशील.

निनाद सोळाचा झाला, लायसन्स मिळालं. त्याला एक जुनी एसयूव्ही घेऊन दिली, २००४ ची, वीस वर्षं याच राज्यात फिरलेली. वरून चकाचक, खालून बघितलीस तर तू तिला हात लावायच्या आधी नारळ फोडशील. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ ओततात रे, फावड्याने नाही, ट्रकने. या डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारावर फूट खाली मिठाची खाण आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही. आपल्याकडे गुहागरला खारा वारा पत्रे खातो तो बिचारा हळूहळू खातो, इथे पाच महिने गाडी लोणच्यासारखी मुरत ठेवतात.

तर जानेवारीत एका संध्याकाळी हा पोरगा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी स्टॉप साइनला थांबायला गेला आणि थांबला नाही. रस्ता कोरडा खडखडीत, बर्फ नाही, पाणी नाही. गाडी सरकत सरकत पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा मेलबॉक्स आडवा. स्पीड काही नव्हताच, चालत जाणारा माणूस पुढे गेला असता. घरी येऊन म्हणतो, बाबा, ब्रेक दाबला होता, पेडलने पायाला लाथा मारल्या आणि गाडी गेली पुढे.

मी काय म्हटलं असेल? "मोबाईल बघत होतास." विचारलं नाही, म्हटलं. तो नाही म्हणाला, मी परत तेच म्हटलं, मग तो गप्प. चावी काढून घेतली, फोन काढून घेतला, आणि त्या म्हाताऱ्याच्या दारात त्यालाच नवा खांब पुरायला लावला, जमीन गोठून दगड झालेली, पोरगा दोन दिवस पहारीने खणत होता. मेधा म्हणाली, अरे एकदा गाडी तरी दाखवून आण. तर नेली. दुकानातल्याने चाकं काढली, पॅड बघितले, रोटर बघितले, स्कॅनर लावला, नो कोड, म्हणजे बिघाडाची नोंदच नाही. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवाही पेटत नव्हता. म्हणाला ब्रेक एकदम ओके आहेत. मी घरी येऊन निनादला ती पावती दाखवली. दाखवली म्हणजे काय, टेबलावर त्याच्या ताटाशेजारी ठेवली. ते मला आता फार लागतंय.

मग नऊ दिवसांनी मी तीच गाडी घेऊन वाणसामान आणायला गेलो. पार्किंगमध्ये हळूहळू रिकाम्या जागेत शिरतोय, ब्रेकवर पाय, आणि शेवटच्या दहा फुटांत पेडल थरथरायला लागलं. खर्र खर्र खर्र, जसं काही खाली कोणी खवणीवर नारळ खवतंय. आणि गाडी थांबेना. पुढे एक बाई सामानाची ट्रॉली ढकलत होती. मी पेडलवर अक्षरशः उभा राहिलो. थांबली, ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर. ती बाई माझ्याकडे बघून हसली आणि "हॅव अ गुड डे" म्हणाली, तिला काय माहीत.

तिथेच बसून राहिलो पंधरा मिनिटं. आणि शपथेवर सांगतो, पहिल्यांदा निनाद आठवला नाही, तू आठवलास.

आता तुला मी ब्रेक शिकवतो, हस. बँकेचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरच्या मेकॅनिकला एबीएस समजावतोय. पण हे मी तीन रात्री जागून शोधलंय, तेव्हा ऐकून घे. या जुन्या गाड्यांत चाकाशी जो स्पीड सेन्सर असतो तो साधा, चुंबकाभोवती कॉइल, समोरून दात्यांची रिंग फिरते, दाता गेला की व्होल्टेजची एक लाट. चाक जोरात तर लाट मोठी, चाक हळू तर लाट बारीक. तो सेन्सर चाकाच्या मधल्या हबवर एका बोल्टने बसवलेला. आता मीठ त्याच्या बुडाखाली शिरतं, हबचं लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणजे तो सेन्सरला खालून केसाकेसाने वर उचलतो. रिंग आणि सेन्सरमधली फट वाढते. जोरात असताना चालून जातं, कारण लाट मोठी आहे. पण गाडी थांबत आली की आधीच बारीक झालेली लाट पार मरते. कंप्युटरला वाटतं, अरे हे चाक एकदम शून्यावर आलं, म्हणजे लॉक झालं, घसरतंय, सोडा याचा ब्रेक. सोडतो. परत धरतो, परत सोडतो. म्हणजे तुला थांबायचंय नेमकं त्याच वेळी गाडी तुझा ब्रेक काढून घेते, आणि तिला वाटतं ती तुला वाचवतेय. दिवा पेटायला सेन्सर मेलेला लागतो. हा मेलेला नाही, नुसता पुटपुटतोय.

आणि हे काही माझं नशीब खास वाईट म्हणून नाही. २००५ मध्ये जनरल मोटर्सने नेमक्या याच कारणाने १९९९ ते २००२ चे पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावले होते, आठ लाखांच्या आसपास, तेही सगळ्या देशातले नाहीत, हे मीठ टाकणाऱ्या राज्यांतलेच. ताशी दहा मैलांच्या आत एबीएस उगाच चालू होतं आणि थांबायचं अंतर वाढतं, हाच आजार. औषध काय, तर सेन्सर काढा, गंज खरवडा, जस्ताचा लेप द्या, परत बसवा. आमची गाडी त्या यादीतली नाही, कंपनीही वेगळी. पण मीठ कंपनी बघत नाही.

मग स्वतःच स्कॅनर विकत आणला, चारी चाकांचा स्पीड लाइव्ह दाखवणारा. रविवारी सकाळी देवळाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मेधा गाडी चालवतेय, मी शेजारी आकडे बघतोय. हळू, अजून हळू. ती म्हणाली, यापेक्षा हळू गेले तर मागे जाईन. आणि दिसलं रे. आठ आठ आठ आठ, सहा सहा सहा सहा, मग पाच, पाच, पाच, आणि पुढचं उजवं शून्य. बाकी तिघं चालतायत आणि हा एकटा म्हणतोय मी थांबलो. त्याच क्षणी खर्र खर्र. मेधाने गाडी उभी केली, स्कॅनरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "आता?"

आता तू शिव्या घालणार ते सांगतो. ऑर्डर केलेला सेन्सर येईपर्यंत मी एबीएसचा फ्यूज काढून टाकला. दिवा पेटला, ब्रेक साधे झाले, आपल्या वेळच्या गाडीसारखे, पेडल शांत. दोन आठवडे तशीच चालवली, भर बर्फात, चाक लॉक झालं तर गाडी बैलासारखी कुठेही जाईल हे माहीत असून. निनादला नाही दिली, मीच चालवली. आणि निनादला काय सांगितलं? काही नाही. दिवा का पेटलाय विचारलं तर म्हटलं, बघतो.

काल सेन्सर बदलला. बोल्ट निघाला, सेन्सर निघेना, पक्कडीने ओढला तर डोकं हातात आणि बूड हबमध्ये. मग छिन्नी आणि हातोडी, हळूहळू, तुझी आठवण काढत. खालून गंजाचे पापुद्रे निघाले, चांगले जाड, माशाच्या खवल्यांसारखे. वायर ब्रश, पॉलिश पेपर, मग जस्ताचा स्प्रे. नवा बसवायच्या आधी जुन्या मल्टिमीटरवर डावं चाक हाताने फिरवून बघितलं होतं, साडेतीनशेच्या वर मिलिव्होल्ट, तर उजवं शंभरही धड नाही. नवा बसवल्यावर दोन्ही सारखे. चाळीस डॉलरचा तुकडा.

म्हणजे गाडी झाली. मी राहिलोय.

जुलै ९६. गुहागरहून येताना सगळे पऱ्हे भरून रस्त्यावर आलेले, त्या मोरीवर पाणी गुडघाभर, तू गाडी घातलीस, निघालीही, आणि पुढच्या वळणावर सरळ जाऊन जांभ्याच्या गडग्यात. तू म्हणालास ब्रेक लागलाच नाही. अण्णांनी मला विचारलं, तू शेजारी होतास ना, आणि मी म्हटलं, दिल्या जोरात होता.

दिल्या, मी रस्ता बघतच नव्हतो. मी कॅसेट उलटी करत होतो. बी साइड लागत नव्हती म्हणून पेन्सिल घालून फिरवत होतो. तू जोरात होतास की हळू हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आत्ताही नाही. पण विचारलं, आणि तोंडातून ते निघालं, कारण दुसरं काही निघालं असतं तर ते गाडी मला का दिली होती आणि चालवत तू का होतास इथपर्यंत गेलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. नंतर चार दिवस तू एकटा त्या गडग्याचे चिरे रचायला एसटीने जायचास. मी नाही आलो. आणि मग वर्षभर तू बोलला नाहीस, ते बरोबरच होतं, मंग्याच्या लग्नात तूच आधी बोललास, आणि मी तुला आइस्क्रीम आणून दिलं, जसं काही तेवढ्याने फिटलं.

आता यातली खरी गंमत ऐक. परवा अण्णांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगत होतो. कानाचं मशीन ते लावत नाहीत, पण गाडीचं बोलणं बरोबर ऐकू येतं. सेन्सर, गंज सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या गाडीचेही ब्रेकचे ड्रम भिजले होते की." मी म्हटलं कधी? "दिल्याने ठोकली तेव्हा. चारी चाकांना ड्रम, पाण्यातून काढलेले. दुसऱ्या दिवशी सुकल्यावर मी चालवून बघितली, ब्रेक कडक. तेव्हाच कळलं." मला काही सुचेना. म्हटलं, अहो मग सांगितलं का नाहीत? तर म्हणतात, "सांगून गडगा उभा राहणार होता? आणि पाण्यातून आल्यावर ब्रेक दाबत दाबत ड्रम सुकवून मग पुढे जायचं असतं, एवढं न शिकता त्याने गाडी हातात घेतलीच कशाला." आणि मग कोणाच्या तरी मुंजीचं बोलायला लागले.

एकोणतीस वर्षं, दिल्या. तुझं गॅरेज त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि गाडी सर्व्हिसिंगला न्यायचे रत्नागिरीला. मला वाटायचं राग आहे. आता वाटतंय लाज असेल. की हट्टच असेल, अण्णांचं काही सांगता येत नाही. तुला हे आधीच कळलं असणार, तू पुढे आयुष्यभर ड्रमच उघडलेस. मग मला कधी बोलला का नाहीस? हेही विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतोय.

आणि खरं सांग, थोडा तरी जोरात होतास ना?

निनादला अजून सांगितलेलं नाही. काल सेन्सर बदलताना तो गॅरेजच्या दारात येऊन उभा होता, हातात टॉर्च. म्हणाला, "नीड लाइट?" मी म्हटलं धर. अर्धा तास धरून उभा होता, तो गंज पडताना बघितला त्याने, एक अक्षर विचारलं नाही. कळलं असेल रे त्याला, मूर्ख नाहीये तो. मी नुसतं म्हणायचं बाकी आहे. एकदा वाटलं तूच फोन करून सांग त्याला, तुझं ऐकेल, तू एबीएसवाला माणूस, २०१९ नंतरच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे तेच दिवे घेऊन येतात. पण नको. ते माझंच काम आहे. चावी उद्या सकाळी द्यायची ठरवलीय, आणि चावी नुसती देता येणार नाही.

तुझं कसंय? सईची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. २०२१ च्या पुरात गॅरेज बुडलं तेव्हा पाठवलेले पैसे तू परत पाठवलेस त्यावर भांडायचंय, पण ते समोर बसून. ती लिफ्ट नवी घेतलीस का जुनीच चालवतोयस?

वाचून झालं की फोन कर. तुझ्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे इथे रात्रीचे दहा, मी जागा असतो. आणि अण्णांकडे जाशील तेव्हा यातलं काही काढू नकोस. किंवा काढ. बघ तुला काय वाटतं ते.

तुझा,
मंद्या

ता. क. जुना सेन्सर टाकला नाहीये, डबीत ठेवलाय. मे महिन्यात येईन तेव्हा आणतो, तुझ्या पोरांना दाखवायला होईल, तुझ्याकडच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांनाही कधीतरी हे होणारच.