खळ्यातली फरशी

प्रिय सुमे,

आठ महिन्यांनी लिहितेय. रागव, पण आधी वाच. फोनवर बोलता आलं नसतं, आई शेजारीच असते.

घरापुढच्या खळ्यातली नवी फरशी सुटली गं. परवा वळवाची पहिली सर आली नि सकाळी तुळशीजवळ पायाखाली पोकळ वाजलं. पहारीचं टोक घातलं तर 2 बाय 2 ची अख्खी फरशी वर आली. पाठ धुतलेल्या ताटासारखी लख्ख, सिमेंटचा माल सगळा खाली जुन्या काँक्रीटच्या कोब्यावर.

तुला पुढचं सांगायला नको. ही पोर्सेलीनची फरशी अर्धा टक्काही पाणी पीत नाही, नुसती सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं सिमेंट, तिला काय धरणार! आणि सुमे, हे मला ठाऊक होतं. मिस्त्री बादलीत सिमेंट कालवत होता तेव्हा मी चहा घेऊन समोरच उभी होते. "ताई, 30 वर्षं फरश्या बसवतोय," म्हणाला आणि मी गप्प बसले. तो खोटं बोलत नव्हता. पण ती 30 वर्षं शहाबादीची, तिची खरखरीत पाठ सिमेंट धरते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी साइटवर तू मुकादमाशी भांडलीस, आठवतं? मला लाज वाटली म्हणून आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. परवापासून तेच डोक्यात आहे. तू तिथं असतीस तर बादली पालथी केली असतीस.

कोबा फोडायचा नाही हे मात्र मी बरोबर ठरवलं होतं. बाबांनी घातलेला, 4 इंची, ठोकून पाहिला तर कुठंही पोकळ नाही. ढाळही ठीक, 14 फुटांत 2 इंच, पाणी जोत्यापासून लांब जातं. आता सगळ्या फरश्या काढायच्या. एकेक 16-17 किलोची, तुझ्या बेसनलाडवांपेक्षा जरा मऊ. पाठी घासायच्या, कोब्यावरचं शेवाळ नि जुना माल खरवडायचा, मग पोर्सेलीनचं अॅडेसिव्ह. खाली दात्यांच्या थापीने सलग पसरायचं, फरशीच्या पाठीलाही त्याचा एक हात द्यायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवू देणार नाही, पोकळीत पाणी साचतं. या वेळी मी तिथून हलणार नाही.

अडलंय ते भेगेपाशी. विहिरीच्या बाजूला कोबा आडवा चिरलाय, पावसाळ्यात ती भेग हलते असं वाटतं. तिच्यावरून फरशी गेली तर भेग वर येणारच. तिथंच सांधा ठेवून त्यात कडक ग्राउटऐवजी लवचीक सिलिकॉन भरू का? पण भेग वाकडी आहे आणि फरश्या सरळ. भेगेलगतच्या फरश्या कापून घ्यायच्या की सगळी मांडणीच सरकवायची? तू रोज साइटवर असतेस, सांग.

घाई आईसाठी. गेल्या श्रावणात शेवाळावरून घसरली ती इथंच. पाय आता बरा आहे. पण तुळशीला पाणी घालायला खळ्यात उतरताना अजून खांबाला धरते आणि मी बघतेय का ते बघते. मृगाआधी हे व्हायला हवं.

तुझी बदली झाली का? पोरीचे दहावीचे मार्क कळव. भाऊजींना नमस्कार.

भेगेचा फोटो पाठवते, शेजारी फूटपट्टी ठेवून. बघितलास की लगेच फोन कर, रात्री दहानंतर, आई झोपल्यावर.

तुझी,
नंदा