आईच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग हवंय

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नवीन काही केलंस का?" त्याचं नीट उत्तर फोनवर देता येईना, म्हणून लिहितेय.

पावसाळ्यापासून माझं अडलं होतं. जाहिरातींची कामं वेळेवर जातात, भाडं, हप्ते व्यवस्थित चालू आहेत. ती काळजी करू नका. अडलं होतं ते माझं स्वतःचं संगीत.

आमच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात साधारणपणे आधी आठ बारचा लूप होतो, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. चार-चार मात्रांची आठ आवर्तनं म्हण ना, आई. मिनिटाला 124 मात्रांच्या लयीत ती पंधरा सेकंदांत संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेवढा तुकडा छान जमायचा. तिथून सहा मिनिटांचा ट्रॅक व्हायला हवा, तर मी त्या पंधरा सेकंदांतून बाहेरच पडत नव्हते. किकचा ठोका जाड करू का, बेस बदलू का, हा सिंथसायझरचा आवाज नको, तो घेऊ. संगणकात हजारो आवाज आहेत आणि केलेलं काहीही मागे घेता येतं, त्यामुळे कशावरच शिक्कामोर्तब होत नाही. त्यात तोच तुकडा तासन्‌तास ऐकला की कान बधिर होतात. चांगलं काय, वाईट काय, काही कळेनासं होतं. रात्री हेडफोन काढून ठेवताना रडू यायचं.

त्या दिवसांत मी चरणजित सिंग पुन्हा ऐकले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. 1982 साली मुंबईत त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: एक ठेक्याचं, एक बेसचं, एक कीबोर्ड. त्यांवर भैरवी, तोडी, मालकंस, मेघ मल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. आई, त्या बेसच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मींड नव्हे, पण मींडेच्या वाटेवरचं काहीतरी. रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. 2010मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक थक्क झाले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी जे ॲसिड हाउस नावाचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत जन्माला आलं, त्याच्याशी तिचं नातं कानाला लगेच कळतं. मला मात्र त्या तीन यंत्रांनीच धरून ठेवलं. चौथं नव्हतंच, म्हणून आहे त्यातून काढलेलं सगळं.

आता मीही एकच सिंथसायझर आणि एकावर एक आवाजांचे चारच थर एवढ्यावर काम करते. एखादा आवाज पटला की लगेच त्याची ऑडिओ फाइल करून टाकते, म्हणजे नंतर चाळा करता येत नाही. सकाळी फक्त करायचं. बरं-वाईट ठरवायचं ते दुसऱ्या दिवशी, स्टेशनकडे चालत जाताना, इअरफोनवर. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: लूप सहा मिनिटांवर सरळ पसरते आणि मग त्यातून खोडत जाते. इथला बेस काढ, तिथली टाळी काढ. पोकळी झाली की पुढची वाट आपोआप दिसते.

आई, जवारी काढायला, म्हणजे तारांचा झणकार नीट करून घ्यायला, तू तंबोरा सतारमेकर गल्लीत न्यायचीस तेव्हा मी सोबत असायचे, आठवतंय? ते काका तारांखालची घोडी किंचित घासायचे, तार छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे, पुन्हा घासायचे. घोडीवर काही वाढवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. हल्ली खोडताना मला ते फार आठवतात.

म्हणून एक काम आहे. नव्या ट्रॅकला मला तुझाच तंबोरा हवाय. म्हणून पट्टीही तुझी काळी चारच धरलीय. चारही तारा एकेक करून, पूर्ण विरेपर्यंत छेड. मग खर्जाच्या तारेखालचा दोरा काढून एकदा, आणि दोरा घालून हळूहळू सरकवत एकदा. मिटलेला आवाज उघडत जातो ना, तीच जागा मला ट्रॅकच्या मध्यावर हवी आहे.

बाबा, रेकॉर्डिंग तुमच्याकडे. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन भोपळ्यापासून हातभर लांब, जमिनीवर नको, उशीवर ठेवा. पहाटे केलंत तर रिक्षांचे आवाज येणार नाहीत. आणि फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो आणि जवारीचा वरचा झणकार नेमका तिथेच जातो. रविवारपर्यंत मिळालं तर दिवाळीला येताना अर्धा तरी ट्रॅक ऐकवते.

तुमची,
लेक