नुसता हसलो म्हणालास

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सांगितलंस की कुणाच्या तरी खोलीतले पैसे गेले आणि मेसमध्ये सगळ्यांनी मिळून एकाला धरलं. ताटं बाजूला सारून गंमत म्हणून कोर्टच भरवलं. वर म्हणालास, "मी काही बोललो नाही बाबा, नुसता हसलो." तेव्हापासून ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही.

बँकेच्या नाट्यस्पर्धेसाठी आम्ही तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसवलं होतं, तेव्हा मी रोकडेच्या भूमिकेत होतो. 'रंगायन' या नाट्यसंस्थेने ते 1967 साली रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, नायिका बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई देशपांडे. त्यातलं कोर्ट कसं भरतं, आठव. एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला आलेली. रात्री अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा खटला करायचा असतो. तोवर वेळ मोकळा, आणि गावातल्या सामंताला कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं, म्हणून आपल्यातल्याच बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. तोही 'गमतीत'.

मंडळीतल्या सुखात्मेंची वकिली चालत नाही, पोंक्षे इंटर नापास, काशीकरांना मूल नाही. आणि ही बाई मोकळी, हसरी, शाळेत मुलांची लाडकी. शिवाय सामंतासमोर तिनेच हसत हसत प्रत्येकाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलेलं. मग काय!

रोकडे म्हणजे सगळ्यांचा हरकाम्या. साक्षीला उभा राहतो तेव्हा चळचळा कापतो, पण बेणारेला मंडळीतल्याच, त्या दिवशी न आलेल्या प्रा. दामल्यांच्या घरी पाहिल्याचं बोलून जातो. त्या क्षणी पहिल्यांदा सगळे त्याचं ऐकतात. खोटं कशाला सांगू, थिएटर शांत झालं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. सामंताला तर बिचाऱ्याला काहीच माहीत नसतं. तो खिशातल्या कादंबरीतून साक्ष रचतो आणि ती नेमकी वर्मी लागते.

तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस आहे. आपलं काम झाल्यावर घाशीरामाला गर्दीच्या हवाली करणारा. बेणारेच्या कोर्टात वरून हुकूम देणारा कुणीच नाही, म्हणून मला ते जास्त भयंकर वाटतं.

नाटकाच्या सुरुवातीला दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. पुढे ती पर्स उचलून निघते तर तीच कडी निघत नाही. आमच्या नेपथ्यवाल्याने खरी लोखंडी कडी लावली होती. आमची बेणारे ती खडखडवायची आणि आम्ही सात-आठ जण पाठमोऱ्या तिच्याकडे बघत बसायचो. तालमीनंतरच्या चहालाही आम्ही तिला 'आरोपी' म्हणूनच हाक मारायचो. मी पण. पंधरा दिवसांनी ती चहाला थांबेनाशी झाली. तालीम संपली की स्वतःचा कप विसळून सरळ स्टेशनकडे. तिला काय झालं असेल, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

फोनवर तू त्या मुलाचं नाव एकदाही घेतलं नाहीस. 'तो' म्हणत होतास. तो आता मेसमध्ये कुणाबरोबर जेवतो, तेवढं कळव.

तुझा,
बाबा